कोकराच्या गाण्यातले तीन ठोके

"तुम्ही म्हणा," एलीशाबाई म्हणाल्या.

निदान मला तसे सांगण्यात आले. त्यांच्या तोंडून प्रत्यक्षात बाहेर पडले ते एक अर्धवट अक्षर आणि त्यामागून आलेला श्वास. त्याचा शब्द केला तो त्यांच्या पुतण्याच्या बायकोने, सत्यशीलाने. ती दाराच्या चौकटीला टेकून शेंगा सोलत बसली होती.

"बाई म्हणतात, गाणं तुम्ही म्हणा."

"मी?" मी हसलो. ध्वनिमुद्रकातली फीत उलटवून बसवत होतो; मान वर न करताच म्हणालो, "मी गात नाही, बाई. मी फक्त लिहून घेतो."

सत्यशीलाने ते वाक्य मोठ्याने पुन्हा म्हटले, जणू वाचेबरोबर बाईंचे कानही गेले होते. बाईंनी डोळे मिटले. पुन्हा उघडले तेव्हा त्या माझ्याकडे नव्हे, यंत्राकडे पाहत होत्या.

१९८७ च्या नोव्हेंबरातली ती तिसरी दुपार. मी सत्तावीस वर्षांचा होतो. विद्यापीठाची शिष्यवृत्ती, उसना ध्वनिमुद्रक आणि इतरांना न दिसणारे आपल्याला दिसते ही खात्री, एवढे सामान घेऊन मी खडकपिंपळला उतरलो होतो. खात्री वाचनातून आली होती. चार भाषांतले वाचले होते. चारही भाषांत कुणीतरी असेच एखाद्या खेड्यात उतरून, अशाच एखाद्या म्हातारीपुढे बसून, तिला ठाऊक नसलेले तिचे रहस्य शोधून काढत असे.

खडकपिंपळ नगरच्या पूर्वेला. गावाबाहेर मिशनचे आवार: दगडी चर्च, बंद पडलेली शाळा, चिंचेच्या रांगा, चाळीसेक घरे. या आवारातल्या गायकवृंदाचा इतिहास हा माझ्या प्रबंधाचा विषय. १९११ साली तो स्थापन केला नथुबा मास्तर रणभिसे यांनी. बाप्तिस्म्याआधी त्यांच्या घराण्याकडे गावाच्या लग्नांची आणि मयतांची हलगी होती. मिशनच्या मडमेने नथुबांना देवळात, म्हणजे चर्चमध्ये, घेतले आणि हलगी बाहेर ठेवायला सांगितले. त्यावर नथुबांनी काही वाद घातल्याची नोंद नाही. त्यांनी इतकेच केले की वृंदात एकही वाद्य येऊ दिले नाही. पेटी नाही, तबला नाही, टाळीसुद्धा नाही. नुसते गळे.

१९१८ च्या तापाच्या साथीत नथुबांची धाकटी मुलगी गेली. तिला माती दिल्यावर त्यांनी जे गाणे रचले, ते पुढे आवारातल्या प्रत्येक लहान मुलाच्या दफनाला म्हटले जाऊ लागले:

आधी तू जागा, मग जागे पाखरू,
तुझ्या हाती देवा, माझे रे कोकरू.

दुसरे संचालक शांतवन मास्तर वैरागर. शाळामास्तर, शिस्तीचे. त्यांनी हे गाणे एकाच वेळी गायच्या चार निराळ्या चालींत, चार आवाजांत बसवले. १९५६ साली ते पुण्याला रेडिओवर वृंद घेऊन गेले. स्टुडिओत तबलजी बसलेला पाहून वृंद नुसताच उभा राहिला, आणि अखेरीस तबलजीला चहा प्यायला पाठवावे लागले. तिसऱ्या एलीशाबाई हिवाळे, १९६१ पासून. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी वृंद खडीच्या कामावर नेला. इतिवृत्ताच्या वहीत नोंद आहे: 'गाण्यापुरते बायांना हातोडे थांबविण्यास विनंती केली. ठोक्याने घोटाळा होतो.' ही ओळ मी कोरून घेतल्यासारखी लिहून घेतली होती. साठ वर्षे उलटली तरी ठोक्याचे भय गेले नव्हते!

चौऱ्याऐंशीला शाळा बंद झाली. वृंदातली जुनी माणसे एकेक करून गेली, तरणी पोरे पिंपरी-चिंचवडला पांगली, चर्चमध्ये कीबोर्ड आला आणि वृंद संपला. शहाऐंशीत बाईंना अर्धांगवायू झाला. चार आवाजांपैकी वरची, मुख्य चाल जाणणाऱ्या त्या एकट्याच उरल्या होत्या. चाल कागदावर कुठेही नव्हती. वहीत सभासदांची नावे होती, सहलींचे तपशील होते, सूर एकही नव्हता.

"बाईंना एकच ध्यास आहे," सत्यशीलाने पहिल्याच दिवशी मला सांगितले होते. "गाणं कुणाला तरी द्यायचं. जीव त्यात अडकलाय. मला बसवलं होतं समोर महिनाभर. पण मी सांगलीची, लग्न करून आले; या गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही. आणि माझा गळा म्हणजे फुटकी घागर. दोन ओळींपुढं गेलेच नाही; शेवटी बाईंनी नाद सोडला."

"आता मी आलोय," मी म्हणालो होतो.

त्या पहिल्या दिवशी बाईंनी खाटेवरून गायला नकार दिला. चर्चमधला एक जुना बाक घरात होता. त्यावर बसवल्यावरच त्यांचे तोंड उघडले. उजवे अंग लुळे होते. डावा हात बाकाच्या फळीवर, पंजा उघडा. बोलताना दोन अक्षरे न जुळवू शकणारी ती बाई गाऊ लागली आणि शब्द न् शब्द अखंड बाहेर आला. याचे वैद्यकीय स्पष्टीकरण मला ठाऊक होते. मेंदूत बोलण्याचे घर निराळे, गाण्याचे निराळे. ठाऊक होते म्हणून मला आश्चर्य वाटले नाही. आश्चर्य वाटले असते तर कदाचित मी ऐकले असते.

'पाखरू'च्या शेवटच्या अक्षरावर त्यांच्या पंजाने बाकावर एक ठोका दिला. कोरडा, पुरा, एकच. गाणे थांबले नाही. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर दुसरा. शेवटच्या ओळीत, सूर वर चढून परत उतरतो तिथे, तिसरा.

मी हरखलो. वाद्य न मानणाऱ्या वृंदाच्या शेवटच्या संचालिकेचा हात वाजत होता!

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गाऊन घेतले. त्याच तीन जागा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. त्याच. योगायोगाचा प्रश्न मिटला. आणि त्या तिसऱ्या दुपारी, मी गायला नकार दिल्यावर, बाई तिसऱ्यांदा गायल्या, गाणे संपले, आणि त्यांनी डाव्या हाताने माझे मनगट धरले. मग ते सोडून तीन बोटे माझ्या डोळ्यांसमोर उभी केली. एकेक बोट हलवून दाखवले. पहिले. दुसरे. तिसरे. आणि वाट पाहत राहिल्या.

"काय म्हणताहेत?" मी विचारले.

सत्यशीला शेंगांचे सूप घेऊन आत चालली होती. "दमल्या असतील. तीन दिवस झाले ना."

मी बाईंना वाकून नमस्कार केला आणि यंत्र आवरले. त्या रात्रीच्या टिपणात एक तळटीप आहे: 'तीन बोटे: त्रैक्याचा (पिता, पुत्र, पवित्र आत्मा) निर्देश?' प्रश्नचिन्ह मी प्रामाणिकपणे घातले होते. छापताना ते गळले.

ग्रंथाचे नाव 'बाहेर ठेवलेली हलगी'. सिद्धान्त एका वाक्यात सांगता येतो, आणि गेली अनेक वर्षे लोक तो एका वाक्यातच सांगतात: देवळाबाहेर ठेवलेले वाद्य गाणाऱ्यांच्या शरीरात शिरले आणि तीन ठोक्यांच्या रूपाने पिढ्यान्‌पिढ्या गुप्तपणे वाजत राहिले. पुरावेही होते. ध्वनिफिती तीन. हातोड्यांची नोंद. शिवाय इतिवृत्तात शांतवन मास्तरांच्या अक्षरात दरवर्षीची एक यादी सापडली होती: 'मार्था, ठोके ४०. येशुदास, ठोके २७. दाविद, ठोके ११२.' कोणत्या गायकाकडे किती ठोक्यांची जबाबदारी असे, याचा तक्ता करून तो मी परिशिष्ट दोनमध्ये छापला. मार्गदर्शक म्हणाले, "खांबेटे, अशी सामग्री आयुष्यात एकदाच हाती लागते." ते खरे बोलले.

माझ्या स्वरलेखनावरून वृंद पुन्हा उभा राहिला. चौथा संचालक सॅमसन ओहोळ. नगरच्या पाळकाचा मुलगा, संगीताची पदवी घेतलेला, हौशी, गोड स्वभावाचा. बावीस मुलेमुली जमवून त्याने वर्षभर तालीम घेतली. बाईंचे तीन ठोके त्याने बावीस जोड्या हातांच्या टाळ्यांवर बसवले. ते ऐकताना अंगावर काटा येई. माझ्यासुद्धा.

१९८९ च्या डिसेंबरात चर्चच्या पटांगणात वृंदाचा पहिला कार्यक्रम आणि त्याच व्यासपीठावर माझ्या ग्रंथाचे प्रकाशन ठरले. कुलगुरू यायचे होते.

दुपारी दोनला चर्चमध्ये शेवटची तालीम सुरू झाली. मागच्या बाकावर एक सत्तरीचा गृहस्थ येऊन बसलेला मी पाहिला. डोक्याला मफलर, मांडीवर पिशवी. पहिली टाळी पडली तसा तो खुदकन हसला. दुसरीला मान हलवली. तिसरी झाली, गाणे संपले, आणि तो वाट पाहू लागला. सॅमसनने पुढचे गाणे सांगितले तेव्हा तो उठून पुढे आला.

"सलाम, पाळकसाहेबांचा मुलगा ना तू? मी दाविद गोर्डे. दौंडला रेल्वेत होतो. आधी इथंच, शांतवन मास्तरांच्या हाताखाली. बेस म्हणायचो, सगळ्यांत खालचा आवाज."

"अरे! या, दाविदकाका, या!" सॅमसनने हात धरला. "कसं वाटलं?"

"आवाज झकास आहेत पोरांचे. पण एक सांग, चुकलेलं दुरुस्त करायचं सोडून पुढं का निघालास?"

"कोण चुकलं?"

"ते मी काय सांगू? ठोका तुम्ही मारलात. आणि सगळे मिळून कशाला मारता? एकानं मारायचा असतो."

"तो तालाचा ठोका आहे, काका. आपल्या परंपरेतला. सरांनी शोधून काढलाय." सॅमसनने मला पुढे केले. "हे खांबेटे सर."

तेवढ्यात बाहेरून ध्वनिक्षेपकवाल्याने हाक मारली आणि सॅमसन गेला. म्हातारा माझ्याकडे पाहत राहिला. त्या नजरेत राग नव्हता. रेल्वेतल्या माणसाची ती नजर असावी, चुकीच्या फलाटावर उभ्या असलेल्या प्रवाशाकडे पाहण्याची.

"चला साहेब, जरा चिंचेखाली," तो म्हणाला.

चिंचेखाली त्याने पिशवी पारावर ठेवली.

"साहेब, ठोका म्हणजे चूक."

तो पारावर बसला; मी उभाच राहिलो.

"नथुबा मास्तरांपासूनची रीत आहे. गाणं म्हणजे प्रार्थना, मधे तोडायची नाही. कुणी चुकलं तर मास्तर बाकावर हात मारणार. एकदा. चुकणाऱ्याला कळतं. गाणं पुरं करायचं, मग त्या जागेवर परत यायचं, हात थांबेपर्यंत. आपण स्वतः चुकलो तर आपणच मारून घ्यायचा. मास्तरसुद्धा. म्हणून तर आम्हाला वाजवायची बंदी. एरवी कुणी टाळी दिली तर चुकलं कोण म्हणून सगळे एकमेकांकडे बघणार!" तो हसला. "माझ्या लग्नात वचन म्हणताना मी अडखळलो, तर मागून शांतवन मास्तरांनी ठोका दिला. सगळं देऊळ हसलं. नवरी अजून काढते ते."

"इतिवृत्तात एक यादी आहे," मी म्हणालो. माझा आवाज शांत होता. तो तसाच असतो. "दरवर्षीची."

"हां, नाताळच्या आदल्या दिवशी वाचायचे ना. ज्याचे जास्त त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. माझे किती आहेत?"

"त्रेपन्न साली एकशे बारा."

"बघा!" त्याने मांडीवर हात मारला. "आणि तुम्हाला वाटलं असेल, मी वाजवणारा होतो."

परिशिष्ट दोन, पान दोनशे चौदा. मला तेव्हाही पानाचा आकडा आठवला.

"बाईंनी मला तीनदा गाऊन दाखवलं," मी म्हणालो. "तिन्ही वेळा त्याच तीन जागांवर ठोका दिला."

दाविदरावांचे हसू हळूहळू उतरले. ते चिंचेच्या बुंध्याकडे पाहू लागले.

"म्हणजे झटक्यानं तीन जागा गेल्या बाईंच्या," ते म्हणाले. "आत कान शाबूत आणि गळ्यातून भलतंच निघतंय. कळत होतं त्यांना, साहेब. सांगत होत्या तुम्हाला. इथं चुकलं, इथं चुकलं, इथं चुकलं."

"शेवटी त्यांनी तीन बोटं दाखवली."

"मग? तुम्ही परत गेलात ना त्या जागांवर?"

मी चर्चच्या दाराकडे पाहिले.

"तुम्हाला म्हणायला नाही सांगितलं त्यांनी?"

"सांगितलं होतं."

"मग?"

"मी गात नाही."

त्यांनी मान हलवली. ते जणू दौंडच्या एखाद्या अपघाताची हकिकत ऐकत होते. मग एकदम उठले.

"चला. काही बिघडलं नाही. बाई आहेत, हात आहे. वरची चाल मला येत नाही, पण म्हणून काय झालं? मी चुकीची म्हणतो, तुम्ही चुकीची म्हणा. बाई मारतील. दुसरी करून बघायची. पुन्हा मारतील. हात गप्प बसला की समजायचं, सापडली. आम्ही सगळे असंच शिकलो, कुणी कागद नाही पाहिला. तीनच जागा आहेत. तासाभराचं काम."

मी घड्याळ पाहिले. तीन वाजून दहा मिनिटे. कुलगुरू पाचला येणार होते. चर्चच्या पायरीजवळ टेबलावर माझ्या ग्रंथाच्या प्रती रचून ठेवल्या होत्या, वर लाल फीत बांधलेली एक.

या तासाभराचा हिशेब मी नंतर इतक्या वेळा केला आहे की तो मला पाठ आहे. चालत चार मिनिटे बाईंचे घर. पावणेचारपर्यंत एक जागा. साडेचारपर्यंत तिन्ही. कार्यक्रम मग कदाचित झाला नसता, किंवा त्यात पोरे उभी राहून म्हणाली असती की हे गाणे आम्हाला अजून येत नाही. प्रकाशन तर झालेच नसते. याउलट एक माणूस होता, ज्याने चार भाषांत वाचले होते.

"आज नको," मी म्हणालो. "संध्याकाळी त्यांना कार्यक्रमाला आणायचंय. दगदग होईल. उद्या सकाळी आपण दोघे जाऊ."

"आणि संध्याकाळी पोरं काय गातील?"

"जे बसवलंय ते."

दाविदरावांनी पिशवी उचलली. "तुम्ही शिकलेले आहात," ते म्हणाले. "तुम्हाला वाटतं तसं करा. पण शांतवन मास्तर म्हणायचे, ठोका खाल्ल्यानं आजवर कुणी मेलेलं नाही."

चार वाजता मी बाईंच्या घरापर्यंत गेलो. हे मी कुणालाही सांगितलेले नाही. दार उघडे होते. सत्यशीला बाईंचे केस विंचरत होती. बाईंना पांढरे पातळ नेसवले होते आणि त्या बाकावर बसल्या होत्या. मला पाहून त्यांचा डावा पंजा फळीवर उघडला गेला. तयार.

"या ना सर! पुस्तकात बाईंचा फोटो आहे म्हणे? मी सांगितलं त्यांना. काही हवं होतं का?"

"नाही," मी म्हणालो. "सहज आलो होतो."

साडेपाचला कार्यक्रम सुरू झाला. पटांगण भरले होते. बाईंना पहिल्या रांगेत, हात असलेल्या लाकडी खुर्चीत बसवले होते, शेजारी कुलगुरू. कुलगुरूंनी लाल फीत सोडली, ग्रंथ उंच धरला आणि परिशिष्ट दोनचा विशेष उल्लेख केला. मग वृंद उभा राहिला.

आधी तू जागा, मग जागे पाखरू.

बाईंचा हात टाळीच्या आधी, अगदी पळभर आधी, खुर्चीवर आदळला. मागून बावीस टाळ्या. लोकांच्या ते लक्षात आले. कौतुकाची एक कुजबुज मागेपर्यंत गेली. दुसऱ्या जागेवर पुन्हा तसेच. आता सगळे त्यांच्याकडेच पाहत होते: वाचा गेलेली वृद्ध संचालिका आपल्या मुलांना ताल देत आहे. तिसऱ्या जागेनंतर हात थांबला नाही. सॅमसनने गाण्याची गती वाढवली होती, शेवटची ओळ चारदा घ्यायची ठरवली होती, आणि ती आता दफनाची राहिली नव्हती, उत्सवाची झाली होती. बाई प्रत्येक ओळीवर मारत होत्या. मग प्रत्येक शब्दावर. कुलगुरूंनी हसून त्यांच्या हाताबरोबर टाळी धरली. त्यांचे पाहून पहिल्या रांगेने, मग पटांगणाने. सातआठशे माणसे त्या बाईच्या हाताबरोबर टाळ्या देऊ लागली.

दाविदराव मागे भिंतीशी उभे होते. त्यांनी मफलर तोंडावर धरला होता.

बाई थांबल्या. मान वळेल तेवढी वळवून त्यांनी मागे पाहिले, त्या सगळ्या हातांकडे. मग व्यासपीठाकडे, माझ्याकडे. मी टाळ्या देत होतो. एक मोठा सन्माननीय पाहुणा पहिल्या रांगेत टाळ्या देत असताना व्यासपीठावरच्या लेखकाने हात मांडीवर ठेवून बसणे शोभले नसते. बाईंनी डावा हात उचलला आणि लुळ्या उजव्या हातावर झाकण ठेवल्यासारखा ठेवून दिला.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. ग्रंथाच्या सात आवृत्त्या निघाल्या. बाई जानेवारीत गेल्या. त्यांच्या मातीला वृंद तीन टाळ्यांसह गायला. दाविदराव त्यानंतर दोन वर्षांनी गेले. त्यांनी कुठे काही बोलून दाखवले नाही. माझी वाट पाहत राहिले असावेत. पाचव्या संचालकांनी वृंद दिल्लीला नेला. सहाव्या संचालिकेने टाळ्या तीनाच्या पाच केल्या, कारण समारोपाला तीन तोकड्या पडत होत्या. शताब्दीच्या स्मरणिकेत वृंदाच्या सर्व संचालकांची छायाचित्रे आहेत आणि शेवटी 'परंपरेचे संशोधक' म्हणून माझे आहे. २००४ साली आवारातल्या एका जोडप्याचे चार महिन्यांचे मूल गेले. मी योगायोगाने तिथे होतो. खड्ड्याभोवती उभे राहून वृंदाने कोकराचे गाणे म्हटले. मुलाच्या आईने पहिली टाळी इतरांबरोबर दिली, दुसरी दिली, आणि तिसरीला तिचे हात जुळलेच नाहीत. त्या तिन्ही फिती विद्यापीठाच्या संग्रहालयात आहेत. प्रत्येक फितीत खात्रीने खरे असे तीनच क्षण आहेत, आणि नेमक्या त्या क्षणी गाणे चुकलेले आहे.

कार्यक्रमानंतरची सकाळ सांगायची राहिली.

ठरल्याप्रमाणे दाविदराव आठला आले. आम्ही चालत गेलो, चार मिनिटे. बाई बाकावर होत्या. सत्यशीला आनंदात होती, पेपरात फोटो यायचा होता, ती चहा टाकायला आत गेली.

"सलाम, बाई. मी दाविद. ओळखलंत ना?" दाविदराव त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. "मी म्हणतो. चुकेन. तुम्ही मारा."

त्यांनी सुरुवात केली. आवाज अजून खणखणीत होता. 'पाखरू'वर त्यांनी अंदाजाने एक सूर लावला. बाईंचा पंजा फळीवर होता. हलला नाही.

"बरोबर?" त्यांनी आश्चर्याने माझ्याकडे पाहिले. मग पुन्हा ती जागा घेतली, यावेळी निराळी. पंजा हलला नाही. तिसऱ्यांदा त्यांनी मुद्दाम इतकी वेडीवाकडी घेतली की आत सत्यशीलाला हसू आले.

"बाई, मारा ना," ते म्हणाले. "मी एकशे बारावाला दाविद. चहा पाजतो सगळ्यांना. मारा."

बाई त्यांच्याकडे मायेने पाहत होत्या. हात तिथेच होता, उघडा, लाकडावर.

दाविदरावांनी मान खाली घातली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुम्ही म्हणा, साहेब."

मी म्हटले. आयुष्यात पहिल्यांदा, आणि अर्थात शेवटचे. माझ्याच स्वरलेखनातून पाठ झालेली ती चाल, तिन्ही चुकांसह, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. डोळे त्या पंजावर होते. पहिली जागा गेली. दुसरी गेली. तिसऱ्या जागेवर मी थांबून, सूर तसाच धरून, श्वास संपेपर्यंत वाट पाहिली.

हात हलला नाही. त्यांच्या रीतीप्रमाणे पाहता, मी सगळे बरोबर म्हटले होते.